स्वर घडविण्यापूर्वी : अकॉर्डियनच्या कार्यशाळेची पूर्वतयारी

अकॉर्डियन वाजविणारा वादकच स्वर निर्माण करतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः वादकाच्या हाती दोनच गोष्टी असतात : कोणता स्वर केव्हा उमटावा, आणि त्याला हवा किती मिळावी. तो स्वर किती उंच असावा, हे वाद्य घडविणाऱ्याने कानशीच्या साहाय्याने आधीच ठरवून टाकलेले असते. सतारवादक मैफिलीपूर्वी खुंटी पिळून तार लावून घेतो. गवई आपला गळा ऐन वेळी हवा तसा वळवितो. अकॉर्डियनला आणि आपल्या घरोघरच्या बाजाच्या पेटीला ही सवलत नाही. म्हणून ही वाद्ये घडविण्याच्या कामात पूर्वतयारीला असाधारण महत्त्व आहे. आपल्या शाळेत वा ग्रंथालयात अशी कार्यशाळा भरविण्याचा ज्यांचा विचार असेल, त्यांनी प्रत्यक्ष कामापूर्वी काय जाणून घ्यावे आणि काय जमवावे, ते येथे सांगावयाचे आहे.

एका कुळातील दोन वाद्ये

व्हिएन्ना येथील वाद्यकार सिरिल डेमियन याने १८२९ साली 'अकॉर्डियन' या नावाने आपल्या वाद्याची नोंद केली. त्याला अवघ्या पाच कळा होत्या. भाता दाबताना प्रत्येक कळ एक स्वरसमूह देई आणि ओढताना दुसरा. अशा रीतीने पाच कळांतून दहा स्वरसमूह मिळत. आज पूर्ण आकाराच्या अकॉर्डियनला उजव्या हातासाठी ४१ पट्ट्या आणि डाव्या हातासाठी १२० कळा असतात.

पेटी म्हणजेच हार्मोनियम ही याच कुळातील. युरोपातील हार्मोनियम पायाने भाता चालवून, खुर्चीवर बसून वाजवीत. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ साली स्थापन केलेल्या पेढीने तिला हाताने भाता चालविण्याचे, जमिनीवर बसून वाजविण्याजोगे रूप दिले. महाराष्ट्रात संगीत नाटकांनी हे वाद्य घरोघर पोहोचविले. 'संगीत मानापमान' या १९११ सालच्या नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः नामांकित पेटीवादक होते. पुढे पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांनी हिंदी चित्रपटसंगीतात अकॉर्डियनचा ठसा उमटविला. बेळगावच्या पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या विद्यार्थ्यांना पेटी शिकविली; त्यांचे शिष्य रवींद्र काटोटी यांनी ती परंपरा बेंगळुरूत नेली.

त्याच बेंगळुरूच्या पश्चिम भागात राजाजीनगर ही वस्ती आहे. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाने वसलेल्या या भागात राहती घरे आणि शाळा यांच्या शेजारीच औद्योगिक वसाहत आहे. लेथवर पितळ कातणारा कारागीर, पत्रा कापणारा दुकानदार आणि पेटी शिकणारी मुले जेथे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहतात, तेथे अशी कार्यशाळा भरविणे सोपे जाते. तथापि सुतार, पेटी दुरुस्त करणारा आणि एखादा विज्ञानशिक्षक अशी तीन माणसे एकत्र येऊ शकतील, तर कोणत्याही गावात हे काम होण्यासारखे आहे.

रीड कशी बोलते?

या दोन्ही वाद्यांचा प्राण म्हणजे रीड. पेटीवाले तिला 'सूर' असेही म्हणतात. धातूच्या एका जाड पट्टीत अरुंद लांबट खाच असते. त्या खाचेवर धातूची पातळ जीभ एका टोकाशी पक्की बसविलेली असते. दुसरे टोक मोकळे असून खाचेपासून किंचित वर उचललेले असते. जिभेच्या बाजूने हवेचा दाब आला, की जीभ खाचेत ओढली जाते आणि हवेची वाट जवळजवळ बंद होते. तोच तिची स्थितिस्थापकता तिला मागे आणते. वाट पुन्हा उघडते आणि तोच क्रम पुन्हा सुरू होतो. सेकंदास शेकडो वेळा हवेची वाट अशी उघडते आणि मिटते. तोच आपल्याला स्वर म्हणून ऐकू येतो.

जिभेची कंपनसंख्या तिच्या मापांवर अवलंबून असते. जाडी दुप्पट केली तर कंपनसंख्या दुप्पट होते, म्हणजे स्वर एक सप्तक वर जातो. लांबी निम्मी केली तर ती चौपट होते, म्हणजे स्वर दोन सप्तके चढतो. रुंदीचा मात्र स्वराच्या उंचीशी फारसा संबंध नाही. यावरूनच स्वर लावण्याची युक्ती निघते. मोकळ्या टोकाजवळ धातू खरवडला, की जीभ हलकी होऊन स्वर चढतो. मुळाजवळ खरवडला, की ती लवचीक होऊन स्वर उतरतो. खरवडलेला धातू परत बसविता येत नाही. म्हणून एकदोन वेळा कानस फिरवावी, लगेच ऐकावे, आणि मगच पुढे जावे.

काय बनवावे?

पूर्ण अकॉर्डियन बनविण्याचा हव्यास धरू नये. उजव्या हाताच्या ४१ पट्ट्यांना रीडचे चार संच असतील, तर भाता दाबतानाची एक आणि ओढतानाची एक अशा जिभांची संख्या त्या एका बाजूलाच ३२८ होते. शाळेतील मुलांनी डेमियनप्रमाणे पाच कळांपासूनच आरंभ करावा. पाच कळा, प्रत्येकीला एकच रीड, आणि भाता दाबतानाच बोलणारा स्वर, एवढे पुरे. सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर निवडले, तर त्या लहानशा पेटीवर भूप रागातील गीते वाजविता येतील.

काय जमवावे?

रीड मुलांनी मुळापासून बनवू नयेत. त्या तयार आणाव्यात. गुजरातेतील पालिताणा हे गाव पेटीच्या रीडसाठी प्रसिद्ध आहे, आणि मोठ्या शहरांतील वाद्यांच्या दुकानांत रीड मिळतात. जुन्या, मोडलेल्या पेटीतील रीडही चालतात. प्रत्येक रीड उजेडासमोर धरून पाहावी. जिभेच्या तिन्ही मोकळ्या कडांना केसाएवढी सारखी फट दिसली पाहिजे. जीभ कडेला घासत असेल तर स्वर कुरकुरतो. फट मोठी असेल तर हवा वाया जाते.

याशिवाय चांगले सुकलेले लाकूड किंवा प्लायवूड, भात्यासाठी पुठ्ठा व घट्ट विणीचे कापड, घड्यांच्या कोपऱ्यांसाठी मऊ कातडे, झडपांखाली लावावयास बनात, सरस, लहान स्क्रू, तारेच्या स्प्रिंगा, बारीक कानस, आणि जिभेखाली आधार देण्यासाठी पातळ पोलादी पट्टी, एवढे साहित्य लागेल. लाकूड हवेतील ओलावा शोषून फुगते व कोरड्या दिवसांत आकसते. यास्तव ज्या खोलीत काम करावयाचे, त्याच खोलीत ते आठवडाभर आधी आणून ठेवावे.

भाता हवाबंद हवा

कामात पहिली अडचण बहुधा स्वराची नसते, हवेची असते. पुठ्ठ्याच्या घड्या कापडाने सांधाव्यात व कोपऱ्यांवर कातडे चिकटवावे. भाता उघडताना हवा आत यावी म्हणून कातड्याची एक एकेरी झडप ठेवावी. रीड बसविताना जिभेची बाजू भात्यातील हवेकडे असावी. उलट बसविलेली रीड बोलणार नाही. सरस पूर्ण वाळण्यास वेळ लागतो, म्हणून भात्याचे काम आदल्या दिवशीच उरकावे.

परीक्षा सोपी आहे. भात्याच्या दोन्ही तोंडांना लाकडी फळ्या बसवून सर्व छिद्रे बंद करावीत. भाता मिटवून वरची फळी हाताने धरावी आणि खालची मोकळी सोडावी. एकेरी झडपही या वेळी कागद चिकटवून बंद केलेली असावी. भाता सावकाश उतरला तर काम ठीक आहे. झरकन उतरला तर गळती आहे. ती शोधण्यासाठी उदबत्तीचा धूर सांध्यांजवळून फिरवावा. जेथे धूर हलतो तेथे हवा जाते. ही परीक्षा होण्यापूर्वी रीड बसवू नये. कारण गळक्या भात्यावर चांगली रीडही क्षीण बोलते, आणि मुले निर्दोष जिभेवर उगाच कानस चालवितात.

स्वर कोणता लावावा?

येथे कार्यशाळेतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येतो. गणिताच्या सोयीसाठी षड्ज सेकंदास २४० कंपनांचा मानू. तंबोऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार मग ३०० कंपनांचा होतो. परंतु सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्या पेटीत तोच गंधार सुमारे ३०२.४ कंपनांचा असतो. हे दोन गंधार एकत्र वाजविले, तर आवाज पाच सेकंदांत सुमारे बारा वेळा चढतो आणि उतरतो. हे ठोके कोणत्याही मुलास सहज मोजता येतात.

या अल्पशा फरकावरून आपल्याकडे दीर्घ वाद झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला, ई. क्लेमंट्स या न्यायाधीशांनी त्यांच्या विचाराचा पाठपुरावा केला. आणि लंडनच्या मूर या वाद्यकाराने श्रुति-हार्मोनियम तयार केली. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली. ती १९७१ पासून शिथिल झाली. मींड काढण्यास असमर्थ आणि ठरीव स्वरांत बांधलेले, असा या वाद्यावरील आक्षेप होता. तो सर्वस्वी खोटा नव्हता; पण पेटीने सामान्य घरात स्वरज्ञान नेले, हेही तितकेच खरे होते.

आपल्या पाच कळांच्या पेटीवर हा वाद मुलांना स्वतःच्या कानांनी पारखता येतो. सा २४०, रे २७०, ग ३००, प ३६०, ध ४०० या प्रमाणात स्वर लावावयाचे असतील, तर बाजारातून आणलेल्या रीडपैकी गंधार व धैवत मुळाशी खरवडून किंचित उतरवावे लागतात. ऋषभ व पंचम टोकाशी खरवडून अगदी थोडे चढवावे लागतात. षड्ज वेगळा असला तरी प्रमाण तेच राहते. तंबोरा लावून एकेक स्वर त्याच्याशी मिळवावा. ठोके मंद होत जाऊन थांबले, की स्वर लागला असे समजावे.

कामाचा क्रम

एक महिना आधी रीड, लाकूड व कारागीर निश्चित करावेत. आठवडाभर आधी फळ्या कापून ठेवाव्यात. आदल्या दिवशी भाते चिकटवावेत. कार्यशाळेच्या दिवशी सकाळी भात्याची परीक्षा, त्यानंतर झडपा व कळा, दुपारी रीड बसविणे आणि शेवटी स्वर लावणे, असा क्रम ठेवावा. चारपाच मुलांच्या गटास एक वाद्य पुरे. धारदार हत्यारे प्रौढांच्या देखरेखीखालीच वापरू द्यावीत, आणि पितळेचा कीस डोळ्यांत वा पोटात जाणार नाही अशी काळजी घ्यावी. स्वर लावण्याचा सराव प्रथम निकामी रीडवर करावा.

संध्याकाळपर्यंत एखाद्या गटाची पेटी पूर्ण झाली नाही, तरी खंत करण्याचे कारण नाही. एकच रीड नीट लावून झाली असेल, तर त्या मुलांनी धातूची लवचीकता, हवेचा दाब आणि मनुष्याचा कान या तिन्हींचा मेळ स्वतः घातलेला असतो. पुढे ती मुले कोणाचीही पेटी ऐकतील, तेव्हा त्या प्रत्येक स्वरामागे कोणा कारागिराचा कान आणि कानस आहे, हे त्यांना सांगावे लागणार नाही.