श्रीपेरुंबुदूरचे न लिहिलेले कलम

चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर येथे २००६ मध्ये सुरू झालेला नोकियाचा कारखाना १ नोव्हेंबर २०१४ रोजी थांबला. स्मार्टफोनच्या स्पर्धेत कंपनी मागे पडली, ती फिनलंडमधील नेतृत्वाच्या निर्णयांमुळे. मोबाइल व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला. करविवादात अडकलेला हा कारखाना मात्र व्यवहाराबाहेर राहिला. ‘आमचे पुढे काय?’ या कामगारांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते स्वेच्छानिवृत्तीचे. त्यांत खेड्यांतून आलेल्या तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या.

प्रशासनात असताना मी पाहिलेल्या सवलतींच्या करारांत जमीन, वीज, पाणी यांचा काटेकोर तपशील असे. कारखाना मिटल्यावर कामगारांचे काय, याचे कलम सहसा नसे. गिरण्यांपासून मोबाइलपर्यंत यंत्रे बदलली, ही उणीव कायम आहे. राज्यांनी सवलत देण्यापूर्वीच ते कलम लिहून घ्यावे.