उसनी नाव, उसनी पत

फ्रान्समधील ‘एलसीआय’ या वृत्तवाहिनीवर २१ एप्रिल २०२३ रोजी चीनचे पॅरिसमधील राजदूत लू शाये यांची मुलाखत सुरू होती. क्रिमिया कोणाचा, या प्रश्नाला त्यांनी आधी इतिहासाचा दाखला देऊन बगल दिली. आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार तो प्रदेश युक्रेनचा आहे, याची मुलाखतकाराने आठवण करून देताच राजदूतांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. सोव्हिएत संघातून बाहेर पडलेल्या देशांना आंतरराष्ट्रीय कायद्यात प्रत्यक्ष दर्जाच नाही, कारण त्यांचे सार्वभौमत्व निश्चित करणारा करार अस्तित्वात नाही, असे त्यांनी सांगून टाकले. लिथुआनिया, लॅटव्हिया आणि एस्टोनिया या तिन्ही बाल्टिक देशांनी चिनी प्रतिनिधींना बोलावून जाब विचारला. तीनच दिवसांनी, २४ एप्रिलला, बीजिंगमधील परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या माओ निंग यांना, सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर स्वतंत्र झालेल्या देशांचे सार्वभौमत्व चीनला मान्य आहे, असा खुलासा करावा लागला. राजदूतांनी मांडले ते वैयक्तिक मत होते, अशी सारवासारव पॅरिसमधील वकिलातीने केली.

एका राजदूताची जीभ घसरली, एवढ्यावर हे प्रकरण सोडून दिले तर त्यामागची मोठी गोष्ट नजरेआड होते. गेल्या दीड-दोन दशकांपासून चिनी मुत्सद्दी आपले म्हणणे मांडण्यासाठी युरोपातील वर्तमानपत्रांचा आणि वाहिन्यांचा पद्धतशीर वापर करीत आले आहेत. हा वापर कोठे यशस्वी झाला आणि कोठे अंगाशी आला, हे पाहिले की खुल्या वृत्तपत्रव्यवस्थेचे बळ कशात असते आणि दुबळेपणा कोठे असतो, याचाही उलगडा होतो.

दुसऱ्याच्या नावेतून

‘नाव उसनी घेऊन समुद्रात उतरावे’ अशा अर्थाचा एक वाक्प्रचार चीनच्या बाह्य प्रचारयंत्रणेत रूढ आहे. आपली वाहिनी काढता येते, आपले इंग्रजी दैनिक छापता येते. पण युरोपातील वाचक ते सरकारी म्हणून बाजूला ठेवतो. तोच मजकूर तो रोज वाचत असलेल्या वर्तमानपत्रात छापून आला, तर त्या वर्तमानपत्राने अनेक दशकांत मिळवलेल्या पतीचा थोडा अंश मजकुरालाही चिकटतो. उसनी घ्यायची असते ती ही पत.

याचे एक परिणामकारक उदाहरण २००८ मधील आहे. बीजिंग ऑलिम्पिकची ज्योत ६ एप्रिल रोजी लंडनच्या रस्त्यांवरून नेली जात असताना तिबेटच्या प्रश्नावरून जोरदार निदर्शने झाली. त्यानंतर आठवड्याभरातच चीनच्या तत्कालीन राजदूत फू यिंग यांचा लेख ‘संडे टेलिग्राफ’मध्ये प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य माध्यमे चीनला राक्षसी रूपात रंगवीत आहेत, ही त्यांची तक्रार होती. पण सूर मात्र दुखावलेल्या पाहुण्याचा होता. पश्चिमेविषयी प्रेम बाळगणाऱ्या चिनी तरुणांचा भ्रमनिरास होत आहे, असे त्यांनी लिहिले आणि जगाने आपल्याला समजून घेईपर्यंत चीननेही धीर धरला पाहिजे, अशी समजुतीची जोडही दिली. आक्षेप घेतानाही वाचकाला आपल्या बाजूला बसवण्याचे हे कसब होते.

खुद्द राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांनीही हाच मार्ग नियमाने अवलंबिला आहे. परदेश दौऱ्यावर जाताना त्या देशातील एखाद्या प्रतिष्ठित दैनिकात त्यांच्या स्वाक्षरीचा लेख प्रसिद्ध होतो. मार्च २०१९ मध्ये इटलीच्या ‘कोरिएरे देल्ला सेरा’मध्ये आणि पाठोपाठ फ्रान्सच्या ‘ल फिगारो’मध्ये असे लेख आले. मे २०२४ च्या दौऱ्यात ‘ल फिगारो’, सर्बियाचे ‘पोलितिका’ आणि हंगेरीचे ‘मॅग्यार नेम्झेत’ अशी तीन दैनिके होती. फ्रेंच वाचकांना राजनैतिक संबंधांच्या साठ वर्षांची आठवण करून देण्यात आली. सर्बियातील लेखात मात्र ७ मे १९९९ रोजी ‘नाटो’च्या विमानांनी बेलग्रेडमधील चिनी वकिलातीवर केलेल्या बॉम्बहल्ल्याचा आणि त्यात मारल्या गेलेल्या तीन चिनी पत्रकारांचा उल्लेख होता. लेखक एकच, आठवडाही एकच. पण वाचक पाहून स्मृती निवडलेल्या होत्या.

तिसरा मार्ग रोकडा आहे. ‘चायना डेली’ या सरकारी दैनिकाची ‘चायना वॉच’ ही पुरवणी पैसे मोजून पाश्चात्त्य दैनिकांतून वाटली जात असे. लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने ती दहा वर्षांहून अधिक काळ चालवली आणि २०२० मध्ये बंद केली. ‘ल फिगारो’सारख्या दैनिकांतूनही ती वाचकांपर्यंत गेली. जाहिरातींचे उत्पन्न घटत चाललेल्या वृत्तपत्रांना असा ग्राहक नाकारणे सोपे नव्हते.

लेखात साधते, मुलाखतीत नाही

या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. मजकूर आधी लिहिलेला असतो आणि मध्येच कोणी प्रश्न विचारीत नाही. त्याला उत्तर मिळते ते दुसऱ्या लेखातून. १ जानेवारी २०१४ रोजी राजदूत लिऊ शियाओमिंग यांनी ‘डेली टेलिग्राफ’मध्ये लिहिताना जपानच्या लष्करवादाला हॅरी पॉटरच्या कथेतील खलनायक वोल्डेमॉर्टची उपमा दिली. जपानचे पंतप्रधान शिन्झो आबे यांनी आदल्याच आठवड्यात यासुकुनी स्मारकाला दिलेल्या भेटीचा संदर्भ त्याला होता. चारच दिवसांत जपानच्या राजदूतांनी त्याच दैनिकातून, आशियाचा वोल्डेमॉर्ट होण्याची वाट चीनच चोखाळत असल्याचा प्रतिटोला लगावला. दोन आशियाई देशांचे भांडण ब्रिटिश वाचकासमोर, त्याच्याच बालसाहित्याच्या भाषेत रंगले.

दूरचित्रवाणीवर मात्र अशी तयारी पुरत नाही. १९ जुलै २०२० रोजी हेच लिऊ ‘बीबीसी’वर अँड्र्यू मार यांच्या कार्यक्रमात आले, तेव्हा शिनजियांगमधील म्हणून ओळखली गेलेली ड्रोनने टिपलेली दृश्ये त्यांना दाखवण्यात आली. डोळ्यांवर पट्टी बांधलेले, मुंडण केलेले कैदी गुडघ्यांवर बसलेले आणि पुढे रेल्वेगाडीकडे नेले जाणारे त्यात दिसत होते. हे काय चालले आहे, या प्रश्नावर राजदूतांनी चित्रफितीच्या खरेपणाविषयी शंका घेतली आणि कैद्यांची ने-आण कोणत्याही देशात होते, असे सांगितले. प्रेक्षकांच्या लक्षात उत्तर राहिले नाही, दृश्य राहिले.

स्वीडनमध्ये प्रकरण याहून विकोपाला गेले. चीनमध्ये अटकेत असलेले स्वीडिश प्रकाशक गुई मिनहाई यांना ‘स्वीडिश पेन’ने नोव्हेंबर २०१९ मध्ये पुरस्कार दिला. त्यानंतर राजदूत गुई कोंगयू यांनी स्वीडिश आकाशवाणीला दिलेल्या मुलाखतीत, मित्रांसाठी आपल्याकडे उत्तम मद्य असते, शत्रूंसाठी मात्र बंदुका, अशा अर्थाचे उद्गार काढले. जानेवारी २०२० मध्ये स्वीडिश दूरचित्रवाणीवर बोलताना त्यांनी तेथील पत्रकारांची तुलना ८६ किलोच्या मुष्टियोद्ध्याला डिवचणाऱ्या ४८ किलोच्या प्रतिस्पर्ध्याशी केली. परराष्ट्र खात्याने त्यांना पाचारण केले. काही पक्षांनी तर त्यांच्या हकालपट्टीची मागणी केली.

श्रोता कोण?

अनुभवी मुत्सद्दी असे का बोलतात, हा प्रश्न साहजिक आहे. मद्य आणि बंदुकांचे ते उद्गार कोरियन युद्धावरील एका जुन्या चिनी चित्रपटातील लोकप्रिय गाण्याची आठवण करून देणारे होते. स्टॉकहोमच्या श्रोत्याला त्यात धमकी ऐकू आली. चिनी श्रोत्याला ओळखीचा, देशाभिमानाचा सूर ऐकू आला. अशा मुलाखतींना दोन श्रोतृवर्ग असतात आणि राजदूताचे भवितव्य दुसऱ्या वर्गाच्या हाती असते. २०१९ च्या आरंभी, परराष्ट्र व्यवहाराचा अनुभव नसलेले आणि पक्षसंघटनेत वाढलेले छी यू हे परराष्ट्र खात्याच्या पक्ष समितीचे सचिव झाले. अधिकाऱ्यांनी लढाऊ बाणा दाखवावा, ही अपेक्षा त्या काळात उघडपणे व्यक्त होत होती. लू शाये यांच्या वक्तव्याचा खुलासा करण्याची वेळ बीजिंगवर आली खरी. पण ते राजदूतपदी कायम राहिले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपविषयक व्यवहारांसाठी चीन सरकारचे विशेष प्रतिनिधी म्हणून त्यांची नियुक्ती झाली.

युरोपातील जनमताचा हिशेब मात्र वेगळा निघाला. ‘प्यू’ संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार चीनविषयी प्रतिकूल मत असणाऱ्यांचे प्रमाण २०१९ मध्ये स्वीडनमध्ये ७० टक्के आणि ब्रिटनमध्ये ५५ टक्के होते. २०२० मध्ये ते अनुक्रमे ८५ आणि ७४ टक्क्यांवर गेले. करोनाची साथ आणि हाँगकाँगमधील दडपशाही ही त्यामागची मोठी कारणे असणार, हे उघड आहे. तथापि राजदूतांच्या शब्दांनी ती घसरण थोपवली नाही, एवढे तरी निश्चित म्हणता येते.

एकतर्फी दरवाजा

या साऱ्यात खरा प्रश्न परस्परतेचा आहे. मे २०२० मध्ये युरोपीय संघ आणि त्याच्या २७ सदस्यदेशांच्या बीजिंगमधील राजदूतांनी मिळून ‘चायना डेली’साठी एक लेख लिहिला. करोनाचा उद्रेक चीनमध्ये सुरू होऊन पुढे जगभर पसरला, या अर्थाचा त्यातील उल्लेख छापण्यापूर्वी गाळण्यात आला. तशा अवस्थेतही लेख प्रसिद्ध होऊ देण्यास संघाच्या प्रतिनिधींनी संमती दिली आणि त्याबद्दल युरोपात टीका ओढवून घेतली. लंडन किंवा पॅरिसमध्ये चिनी राजदूताला चीनच्या टीकाकारांशेजारी मोकळी जागा मिळते; बीजिंगमध्ये सत्तावीस देशांच्या राजदूतांना मिळून एक उपवाक्य टिकवता आले नाही.

वाहिन्यांबाबतही हाच असमतोल दिसला. ‘सीजीटीएन’ या चिनी वाहिनीचा ब्रिटनमधील परवाना तेथील ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेने ४ फेब्रुवारी २०२१ रोजी रद्द केला. परवानाधारक कंपनीच्या हाती संपादकीय नियंत्रण नाही आणि अंतिम नियंत्रण कम्युनिस्ट पक्षाचे आहे, हे त्याचे कारण होते. आठवड्याभरातच चीनने ‘बीबीसी वर्ल्ड न्यूज’वर बंदी घातली. चीनमध्ये ही वाहिनी एरवीही बहुतांशी मोठी हॉटेले आणि परदेशी वकिलातींच्या वसाहतींपुरतीच दिसत होती.

भारतालाही याचा अनुभव आहे. तैवानच्या राष्ट्रीय दिनानिमित्त वर्तमानपत्रांत जाहिराती आल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीतील चिनी वकिलातीने भारतीय पत्रकारांना पत्र पाठवून तैवानचा उल्लेख देश म्हणून करू नये, असे सुचवले. भारतातील माध्यमे स्वतंत्र आहेत, असे परराष्ट्र मंत्रालयाने त्यावर स्पष्ट केले.

म्हणून चिनी राजदूतांना जागाच देऊ नये, असा निष्कर्ष काढणे सोपे असले तरी चुकीचे ठरेल. एका महासत्तेचा अधिकृत प्रतिनिधी काय म्हणतो, हे जाणून घेण्याचा वाचकाला अधिकार आहे आणि लू शाये यांच्या मुलाखतीतून युरोपला जे कळले, ते गुळगुळीत निवेदनांतून कळले नसते. संपादकांनी पाळायचे पथ्य साधे आहे. पैसे घेऊन छापलेल्या पानावर तो मजकूर कोणाचा, हे ठळकपणे सांगावे. राजदूताच्या लेखातील तथ्ये इतर कोणत्याही लेखाप्रमाणे तपासावीत. आणि शक्य असेल तेथे लेखाऐवजी मुलाखत मागावी. वर्तमानपत्राची पत वाचकांच्या विश्वासावर उभी असते. ती उसनी देताना त्या वाचकांना अंधारात ठेवण्याचा अधिकार कोणत्याही संपादकाला नाही.