आभासी पत्त्याची परीक्षा

‘अध्यक्ष, नगर वाचनालय’ या पत्त्यावरचे पत्र व्यक्तीला नव्हे, खुर्चीला जाते. कचेरीचे जाळे बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या दोन राउटरांचे तसेच आहे. एक बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलावे, म्हणून दोघांत एकच आभासी पत्ता ठेवतात. व्हीआरआरपी ही त्याची नियमावली १९९८ साली प्रसिद्ध झाली.

वाट चालू आहे का, हे पाहण्यासाठी ‘पिंग’ची हाक घालतात. पण राखीव राउटरने आभासी पत्त्याच्या नावाने हाक घातली, तर उत्तर खुर्चीवरच्या प्रमुखाकडे जाते. हाक घालणारा ताटकळतो आणि आपण समजतो, वाट तुटली!

म्हणून प्रत्येक राउटरने आपापल्या पत्त्यावरून हाक घालावी. मग कचेरीतील संगणकावरून बाहेर हाका चालू ठेवून प्रमुखाला मुद्दाम बंद करावे. प्रमुख सामान्यतः दर सेकंदाला आपण जागे असल्याची खूण देतो. ती तीन-चार सेकंद न आल्यास दुसरा खुर्ची घेतो. तेवढ्या खंडानंतर उत्तरे पुन्हा येऊ लागली, तरच जोडी भरवशाची. ही परीक्षा संकटाच्या दिवसावर टाकणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.