किती काडतुसे झाडून पाहावीत?

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. काडतूस हा तिथला जुना माल. काडतुसाची खरी परीक्षा झाडल्यावरच होते आणि झाडलेले काडतूस संपते. सगळीच तपासली तर सैन्याला द्यायला एकही उरणार नाही. म्हणून अशा मालाच्या प्रत्येक लॉटमधून थोडी काडतुसे काढून झाडायची आणि बाकीच्यांचा निर्णय त्यावरून करायचा. पण थोडी म्हणजे किती?

'शेकडा दहा' हे उत्तर चटकन सुचते, पण ते फसवे आहे. ५० च्या लॉटमधून ५ घेतली तर फारसे काही कळत नाही. १ लाखातून १०,००० घेतली तर चांगला माल फुकट जातो. लॉट मोठा असला की त्याच्या आकाराने जवळजवळ काहीच ठरत नाही. ठरते ते किती विरळ दोष पकडायचा आणि किती खात्रीने, यावर.

समजा, एका मोठ्या लॉटमध्ये शंभरात एक काडतूस फुसके आहे. त्यातली ३० झाडली, तर तीसही नीट उडण्याची शक्यता ७४ टक्के. म्हणजे असा लॉट चारदा तपासला तर साधारण तीनदा निर्दोष वाटेल. एक तरी फुसके ९५ टक्के खात्रीने सापडायला २९९ झाडावी लागतात. दोष हजारात एक असेल तर सुमारे ३,०००. ऐन वेळी बंदूक अडली तर भोगतो जवान, तेव्हा हा आकडा खर्चाकडे पाहून आखडता घेणे योग्य नाही.

अशा तपासणीचे शास्त्र हॅरल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत उभे केले. भारतात त्यासाठी 'आयएस २५००' हे मानक आहे.

घरोघरच्या पाहणीतही हाच विचार चालतो. किती घरांत दुचाकी आहे याचे प्रमाण ५ टक्क्यांच्या फरकाने, ९५ टक्के खात्रीने हवे तर ३८५ घरे पुरतात. पाहणी खडकीची असो वा अख्ख्या पुण्याची. फरक निम्म्यावर आणायचा तर घरे चौपट, १,५३७.

मात्र निवड चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी हवी. एकाच पेटीतली काडतुसे किंवा एकाच गल्लीतली घरे घेतली, तर हे आकडे लागू पडत नाहीत. पाचातले एक घर बंद मिळेल असे धरले, तर ४८२ घरे निवडून ठेवावी लागतात. त्यातही कामावर गेलेल्यांचीच दारे बंद असतील, तर संध्याकाळी पुन्हा जावेच लागते.