दारू थांबल्यानंतर

मद्यासक्ती हा मेंदूचा, दीर्घकाळ चालणारा आणि पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे. पिण्यावर ताबा न राहणे, नोकरी-घर-तब्येत यांपेक्षा दारूला अधिक महत्त्व येणे आणि शरीराला तिची गरज लागणे ही त्याची मुख्य लक्षणे. रोज किती पेग होतात, यावरून निदान ठरत नाही. श्रावण पाळण्यावरूनही नाही. ‘महिनाभर शिवत नाही, मग मी व्यसनी कसा?’ हा युक्तिवाद बहुतेक घरांनी ऐकलेला असतो. पण गटारीला आणि श्रावण संपल्यावर काय होते, हे पाहिले की या युक्तिवादात किती तथ्य आहे, याचा अंदाज येतो.

दारू मेंदूतील शांतवणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या रसायनाचा कमी करते. वर्षानुवर्षे हे चालले की मेंदू तोल सांभाळण्यासाठी स्वतःच अधिक उत्तेजित राहू लागतो. रात्रीची दारू उतरली की ही उत्तेजना उघडी पडते. सकाळी हात इतके थरथरतात की चहाचा कप धरता येत नाही, बशीत चहा सांडतो, घाम फुटतो, मळमळते. मग सात वाजताच क्वार्टर शोधली जाते. ‘उतारा’ पोटात गेला की थोड्याच वेळात हात स्थिर होतात. घरच्यांना हा निर्लज्जपणा वाटतो; वास्तविक या टप्प्यावर मजा कधीच संपलेली असते आणि माणूस केवळ त्रास टाळण्यासाठी पीत असतो.

म्हणूनच खूप पिणाऱ्याची दारू एकदम बंद करणे धोक्याचे असते. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे बोलतात, दिवस-स्थळाचे भान जाते. डॉक्टर याला ‘डीटी’ म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास त्यात जीव जाऊ शकतो. खोलीत कोंडून दारू सोडवण्याचा घरगुती प्रयोग या कारणाने कधीच करू नये. रुग्णालयात क्लोरडायझेपॉक्साइडसारखे औषध देऊन त्याचा डोस काही दिवसांत उतरवत नेतात. ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शनही देतात. ते कमी पडल्यास मेंदूला, विशेषतः स्मृतीला, कायमची इजा होऊ शकते.

हा भाग आठवडा-दहा दिवसांत आटोपतो. कठीण काम त्यानंतर सुरू होते. झोप लागत नाही, चिडचिड होते, कशातच रस वाटत नाही. हे काही महिने चालू शकते. ओढ कमी करणारी नॅलट्रेक्सोन आणि अॅकॅम्प्रोसेट ही औषधे या काळात उपयोगी पडतात. डायसल्फिराम वेगळ्या तऱ्हेने काम करते: ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने दिले तरच ते औषध आहे. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती वाचून वरणात काहीतरी मिसळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. नकळत दिलेल्या डायसल्फिरामवर कोणी भरपूर प्यायला तर प्रसंग जिवावर बेततो.

ओढ परिसरालाही चिकटलेली असते. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या संशोधक महिलेने १९७०च्या दशकात केला. मायदेशी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांपैकी जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनात अडकले. जागा, सोबत, दिनक्रम, सारेच बदलले होते. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडणाऱ्याचे नेमके उलटे होते. तो त्याच चौकात, त्याच मित्रांत, त्याच पगाराच्या दिवसाकडे परततो. गळ्यात माळ घातल्यावर अनेकांची दारू सुटते, त्यामागे श्रद्धेइतकाच बदललेल्या सोबतीचा हात असावा.

पुण्यातील मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये सुरू केले. त्या वेळी मोठे संकट गर्दचे, म्हणजे ब्राउन शुगरचे होते. पुढे दारूचे रुग्ण मोठ्या संख्येने आले. तेथे रुग्ण काही आठवडे राहतो आणि घरी गेल्यावर पाठपुरावा चालतो. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण तेथे काम करतात. नव्याने आलेल्याच्या थापा त्यांच्यापुढे टिकत नाहीत. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा पायाही हाच आहे: एक दारुडा दुसऱ्याशी बोलतो. मीटिंगला फी नसते आणि जन्मभराची शपथही नसते. आजचा दिवस न पिण्याचे ठरवायचे.

तरीही अनेक जण पुन्हा पितात. ग्लास हातात येण्याच्या बरेच आधी घसरण सुरू झालेली असते: मीटिंग चुकू लागतात, गोळी राहते, जुन्या मित्राचा फोन उचलला जातो, ‘आता एखादी बिअर चालेल’ असे वाटू लागते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा समुपदेशक आवर्जून सांभाळायला सांगतात. पुन्हा प्यायला म्हणजे उपचार वाया गेले, असे नव्हे. रक्तदाबाच्या रुग्णाचा दाब वाढला तर उपचार बदलतात, तसेच येथेही करावे लागते.

घरच्यांचाही यात आजारी पडण्याइतका छळ झालेला असतो. ऑफिसात ‘त्यांना ताप आहे’ म्हणून कळवणे, उधारी फेडणे, शेजाऱ्यांपासून लपवणे यांत बायको वा आई वर्षे घालवते आणि नकळत पिण्याचे परिणामच पिणाऱ्यापर्यंत पोहोचू देत नाही. असे झाकणे थांबवायला शिकणे हा उपचाराचाच भाग. दारू थांबली तरी संशय लगेच जात नाही; उशीर झाला की तोंडाचा वास घेतला जातो आणि न पिणाऱ्याला ते झोंबते. नातेवाइकांसाठी अल-अॅनॉनचे वेगळे गट आहेत. घरातला माणूस अजून पीत असला, उपचारांना तयार नसला, तरीही तेथे जाता येते.