यकृताचा उपवास आणि मधुमेहाचा धोका

आषाढी एकादशी असो वा नवरात्र, उपवास म्हटला की साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ आणि रताळ्याचा कीस हे ओघाने आलेच. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच रूढ झालेली नाही. यकृताच्या दृष्टीने मात्र हा उपवासच नव्हे. साबुदाणा म्हणजे बहुतांशी पिष्टमय पदार्थ. तो पोटात जाताच रक्तातील साखर वाढते आणि तिच्यापाठोपाठ इन्सुलिनही. यकृताचा उपवास सुरू होतो तो इन्सुलिनची पातळी खाली आल्यावर.

निर्जळी किंवा कडक उपवासात प्रथम यकृतातील ग्लायकोजेनचा साठा वापरला जातो. हा साठा सुमारे १०० ग्रॅम असतो आणि साधारण एका दिवसात तो बहुतेक संपतो. त्यानंतर शरीराची भिस्त चरबीवर असते. इन्सुलिन घटलेले आणि ग्लुकागॉन वाढलेले असल्याने मेदपेशींतून मेदाम्ले बाहेर पडतात व रक्तावाटे यकृतात पोहोचतात.

दारावरचा पहारा

मेदाम्लांचे ज्वलन पेशींतील तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियामध्ये होते, हे केनेडी आणि लेहनिंजर यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले. परंतु लांब साखळीच्या मेदाम्लांना तंतुकणिकेत थेट प्रवेश नसतो. त्यांना कार्निटिन या वाहकाला जोडावे लागते. हे काम करणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) नाव ‘कार्निटिन पामिटॉइल ट्रान्सफरेज-१’. ते तंतुकणिकेच्या बाह्य आवरणावर असते. किती चरबी जळणार, हे मुख्यतः या दारावर ठरते.

या दाराची कडी १९७७ मध्ये उलगडली. अमेरिकेतील डॅलस येथील डेनिस मॅकगॅरी आणि डॅनियल फोस्टर यांना असे आढळले, की ‘मालोनिल-कोए’ हा रेणू या विकराला रोखून धरतो. हाच रेणू चरबी तयार करण्याच्या प्रक्रियेतील पहिला टप्पा आहे. त्यामुळे जेवणानंतर यकृत चरबी तयार करीत असते, तेव्हा तीच चरबी जाळण्याचे दार आपोआप बंद राहते. उपवासात मालोनिल-कोए घटतो आणि दार उघडते.

एवढ्यावरच हे थांबत नाही. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसून आले, की उपाशीपोटी या विकराचे कार्य वाढते आणि उरल्यासुरल्या मालोनिल-कोएलाही ते फारसे जुमानत नाही. किटोन तयार करणारे तंतुकणिकांमधील विकरही वाढते. हे किटोन दीर्घ उपवासात मेंदूचे इंधन होतात, हे जॉर्ज काहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये सिद्ध केले.

भरल्या घरात उपासमार

टाइप १ मधुमेहात इन्सुलिन जवळजवळ नसतेच. रक्तात साखर भरपूर असूनही यकृताला संदेश मिळतो तो उपासमारीचा. मधुमेह झालेल्या उंदरांच्या यकृतात उपवासासारखेच बदल आढळतात आणि इन्सुलिन दिल्यावर ते मागे फिरतात. मात्र एक मोठा फरक आहे. निरोगी माणसाच्या उपवासात थोडे तरी इन्सुलिन स्रवत असते आणि मेदपेशींना आवर घालते, म्हणून किटोन मर्यादेत राहतात. इन्सुलिनच नसेल तर हा लगाम सुटतो. मेदाम्लांचा लोंढा येतो, किटोन साठत जातात आणि रक्त आम्लधर्मी होते. हाच जीवघेणा ‘किटोअॅसिडोसिस’.

टाइप २ मधुमेहाचे चित्र निराळे आहे. तेथे इन्सुलिन असते, पण त्याचा पुरेसा परिणाम होत नाही. साखर आटोक्यात येत नाही, तरीही यकृतात चरबी तयार होणे चालूच राहते. अनेक रुग्णांच्या यकृतात चरबी साठलेली आढळते, त्याचे हे एक कारण आहे.

काळजी काय घ्यावी?

‘आज उपवास आहे, मग इन्सुलिन कशाला?’ हा विचार टाइप १ च्या रुग्णाला थेट अतिदक्षता विभागात नेऊ शकतो. जेवण नसले तरी यकृताला आवर घालण्यासाठी मूलभूत मात्रा लागतेच. याउलट, नेहमीचीच औषधे किंवा इन्सुलिनची पूर्ण मात्रा घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून मात्रा स्वतःच्या मनाने न बदलता उपवासापूर्वी डॉक्टरांशी बोलून ठरवून घ्यावी.

‘ग्लिफ्लोझिन’ गटातील गोळ्या घेणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. या गोळ्यांमुळे साखर फारशी वाढलेली नसतानाही किटोअॅसिडोसिस होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये दिला होता. मळमळ, उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासाला फळासारखा वास ही लक्षणे दिसताच पारण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ग्लुकोमीटरवरचा आकडा बरा दिसतो, एवढ्यावर निश्चिंत राहू नये.