ठाण्याची पायरी, भाग ७ : एनसी दिली, घरी पाठवलं, मग?

मारहाण झाली, रात्री ठाण्यात गेलो, तासभर बाकावर बसवलं, शेवटी एनसी दिली आणि घरी पाठवलं. वस्तीतल्या भांडणाची गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपते. हातात शिक्क्याचा कागद आला म्हणजे पोलीस आता कामाला लागले, असं तक्रारदाराला वाटतं. पोलिसांच्या लेखी मात्र काम संपलेलं असतं.

एनसी ही अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्यात तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ ने एक नवी गोष्ट आणली. अशा नोंदींचा दैनंदिन अहवाल ठाण्याने दर पंधरा दिवसांनी न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवायचा. एकाच गल्लीतल्या एकाच पोराच्या नावावर चार एनसी असतील, तर त्या आता निदान कागदावर तरी ठाण्याबाहेर जातात. त्यामुळे आधीच्या एनसींचे क्रमांक जपून ठेवावेत आणि नव्या तक्रारीत ते सगळे लिहावेत.

दखलपात्र की अदखलपात्र, हे पुष्कळदा एका वाक्यावर ठरतं. भारतीय न्याय संहितेत साधी दुखापत कलम ११५(२) मध्ये येते आणि ती अदखलपात्र आहे. तीच दुखापत चाकूने किंवा जीव जाऊ शकेल अशा हत्याराने केली असेल, तर कलम ११८(१) लागतं आणि ते दखलपात्र आहे. हाड मोडलं तर ती गंभीर दुखापत होते, तीही दखलपात्रच. आता ठाण्यातला प्रसंग डोळ्यांपुढे आणा. डोकं फुटलेला माणूस सांगतो, "लोखंडी रॉडने मारलं." लिहिणारा लिहितो, 'हातबुक्कीने मारहाण केली'. रॉड गळला, गुन्हा अदखलपात्र झाला. दरवेळी यात लबाडीच असते असं नाही. रात्रपाळीचा कंटाळा असतो, "उद्या आपसातच मिटवाल" हा अनुभवही असतो. पण भोगतो तक्रारदारच. म्हणून सही करण्याआधी सगळं वाचून घ्यावं, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगावं. आणि जखम असेल तर मेडिकल मेमो मागावा. डॉक्टरने जखमेचं जे वर्णन लिहिलं, ते ठाण्यात कुणाला बदलता येत नाही.

पण लोक ठाण्यापर्यंत जातातच कुठे? नागपूर जिल्ह्यातलं कन्हान घ्या. गाव पारशिवनी तालुक्यातलं, कन्हान-पिपरी नगरपरिषदेचं. पण अंगावरून नागपूर-जबलपूर महामार्ग जातो, रेल्वेचं जंक्शन आहे, आजूबाजूला वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) कोळसा खाणी आणि पायाशी रेतीची नदी. कोळसा आणि रेती जिथे आहे तिथे रात्रीचा पैसा आहे, आणि रात्रीच्या पैशाभोवती टोळकी जमतात. चौकात दारू पिऊन धिंगाणा, पानठेल्यावर उधारीची दादागिरी, दहा वाजून गेले तरी चाललेला डीजे. अशा गावांत लोक तोंड उघडत नाहीत, याचं कारण पोरांची भीती एवढंच नसतं. "त्याची ठाण्यात सेटिंग आहे" हे वाक्य त्याहून जास्त काम करतं. ते खरं असो वा खोटं, गुंडाला त्याचा फायदा सारखाच मिळतो.

धिंगाण्यासाठी कायद्यात तरतुदी भरपूर आहेत. सार्वजनिक ठिकाणच्या बेशिस्त वागण्याला महाराष्ट्र पोलीस कायद्याची ११०, ११२ आणि ११७ ही कलमं, दारूच्या गोंधळाला दारूबंदी कायद्याचं कलम ८५, आवाजाला २००० सालचे ध्वनी नियम, वारंवार त्रास देणाऱ्याला त्याच पोलीस कायद्यातली तडीपारीची ५५ ते ५७ ही कलमं. ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन केला की तो आधी नियंत्रण केंद्रात नोंदला जातो आणि तिथून गाडीकडे जातो. त्यामुळे ठाण्याच्या लँडलाइनपेक्षा तो बरा, मागे नोंद राहते. मग येतो हद्दीचा प्रश्न. नदीच्या एका काठाला कामठी, दुसऱ्या काठाला कन्हान. पूल ओलांडला की ठाणं बदलतं आणि "हे आमच्या हद्दीत नाही" ऐकावं लागतं. दखलपात्र गुन्ह्यात हे उत्तर चालत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्याने तक्रार शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवायची असते.

नोंद झालीच नाही तर काय होतं, हे कामठी रोडच्याच टोकाला, उत्तर नागपुरात दिसलं. जरीपटका भागातल्या कस्तुरबानगरात अक्कू यादवने दहा वर्षांहून जास्त काळ दहशत बसवली होती. खंडणी, घरात घुसून मारहाण, बायकांवर अत्याचार. तक्रार केली की तक्रारदाराचं नाव पोलिसांकडूनच त्याच्यापर्यंत पोचतं, असं वस्तीतल्या बायकांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्याला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आणलं होतं. तिथे भर न्यायालयात जमावाने त्याचा जीव घेतला. बायका तिखटाची पूड आणि भाजी चिरायच्या सुऱ्या घेऊन आल्या होत्या, हे साऱ्या देशाने वाचलं. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सत्र न्यायालयाने उरलेले सगळे १८ आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सोडले. या प्रकरणावर सिनेमे निघाले, मालिका निघाल्या. त्या बायकांच्या धाडसाचं कौतुक आजही होतं. मला मात्र त्या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचतं ते आधीचं दशक. तेवढ्या वर्षांत तक्रारी कुठे गेल्या, कुणी लिहून घेतल्या आणि कुणी घेतल्या नाहीत, त्या माणसांची नावं कुठल्याही सिनेमात नाहीत.

१२ नोव्हेंबर २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर घ्यावाच लागतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने पोलिसांना थोडी सूट दिली. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. चौदा दिवस उलटूनही "चौकशी सुरू आहे" असं ऐकू आलं, तर परवानगीची तारीख विचारावी. ठाणेदार घेतच नसेल तर तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकाकडे, शहरात असाल तर पोलीस उपायुक्ताकडे पाठवावी. रजिस्टर्ड पोस्टाची पावती जपावी. तिथेही काही झालं नाही तर कलम १७५(३) प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्याकडे शपथपत्रासह अर्ज. आधीच्या दोन्ही पायऱ्यांचे कागद नसतील तर हा अर्ज तिथेच अडतो.

तक्रार पोलिसाविरुद्धच असेल तर वाट आणखी अवघड. त्याच कलमाच्या पोटकलम (४) प्रमाणे, कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्याबद्दल तक्रार असेल, तर न्यायदंडाधिकारी आधी वरिष्ठांचा अहवाल आणि त्या सरकारी नोकराचं म्हणणं पाहतो. दुसरी वाट पोलीस तक्रार प्राधिकरणाची. २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंह निकालाने ते बंधनकारक केलं, महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून ते आणलं. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम मोडून केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, घर-जमीन बळकावणं, हे सारं त्याच्या कक्षेत येतं. पोलीस निरीक्षकापर्यंतच्या पोलिसांविरुद्धची तक्रार विभागीय प्राधिकरणाकडे, त्यावरच्या अधिकाऱ्याविरुद्धची राज्य प्राधिकरणाकडे. फक्त हे प्राधिकरण शिक्षा देत नाही, शिफारस करतं. ती अपवादात्मक प्रसंगी फेटाळायची तर सरकारला कारणं लेखी द्यावी लागतात.

ठाण्यातल्या कॅमेऱ्याचा विचार पहिल्याच दिवशी करावा. २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंह सैनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला आणि फुटेज अठरा महिने ठेवायला सांगितलं, ते जमत नसेल तर किमान एक वर्ष. फुटेज जपून ठेवण्याचा लेखी अर्ज त्याच आठवड्यात दिला नाही, तर वर्षभराने वाद घालायला काहीच उरत नाही.

वेळेचा हिशेब इथे निर्दय आहे. जून १९९३ मध्ये नागपुरात दरोड्याच्या तपासात पोलिसांनी एका माणसाला रात्री घरून उचललं. मारहाणीत तो मेला. पोलिसांवर खटला चालला, शिक्षाही झाली, तीन वर्षांची. सर्वोच्च न्यायालयाने ती सात वर्षांवर नेली, कबुलीजबाबासाठी केलेल्या मारहाणीच्या त्या कलमात त्याहून जास्त शिक्षाच नव्हती. निकालाची तारीख ४ सप्टेंबर २०१८.

(पुढील भागात : ठाण्यात बोलावलं तर जायचं का? नोटीस, चौकशी आणि अटक)